हद्द झाली!

खानदेशी माणूस उन्हावर तासभर बोलेल, वांग्यावर दोन तास बोलेल. पण समुद्राचा विषय निघाला की तो हळूच पानाचा डबा शोधू लागतो. आमच्या धुळ्याला पाण्याच्या नावाने पांझरा आहे. ती पावसाळ्यात चार दिवस नदी असते आणि बाकीचे वर्ष पुलाखालची मोकळी जागा असते. जळगावकरांची गिरणा ही तिचीच थोरली बहीण. अशा मुलखातल्या माणसाला समुद्रकिनाऱ्याची सहल करायची झाली, तर आधी मुंबई गाठायची, तिथे नातेवाईक शोधायचे, आणि ते आपल्याला सापडू नयेत म्हणून त्यांनी घेतलेली सगळी खबरदारी मोडून काढून चौपाटीवर जायचे.

असे असूनही आम्ही एकदा सकाळी धुळ्याहून मोटारीने निघून, सागराच्या किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडून, परराज्यात भरीत-पुरी खाऊन रात्री घरच्या गादीवर झोपायला परत आलो. गोष्ट १९८३ सालच्या डिसेंबरातली. चाळीस वर्षे होऊन गेली, पण त्या दिवशी एक प्रश्न आमच्या गाडीत चढला तो अजून उतरायला तयार नाही. प्रश्न असा, की पापपुण्याला जिल्हा असतो का?

सहलीची करामत आमच्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार जळगाव, धंदा केळीचा. त्या वर्षी त्यांनी एक जुनी फियाट घेतली होती. 'जुनी' हा शब्द त्यांना खपत नसे. ते तिला 'रुळलेली' म्हणत. "आमच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत एकच रस्ता. हायवे नंबर सहा. कुठं वळायलाच नको," असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. (त्या रस्त्याचा नंबर आता त्रेपन्न झाला आहे.) वळायला नको हा मुद्दा महत्त्वाचा होता, कारण वळताना फियाटचे डावे दार आपोआप उघडत असे.

तर एका शनिवारी संध्याकाळी दाजी आणि ताई ती फियाट आणि बामणोदच्या वांग्यांची करंडी घेऊन आमच्याकडे उतरले. त्या दिवाळीत शेजारची मुले मुंबईला जाऊन समुद्र पाहून आली होती आणि तेव्हापासून वाड्यातल्या प्रत्येक भांडणात शेवटी समुद्र काढीत होती. साहजिकच आमच्या दोन्ही मुलांनी दाजींना घेरले.

"समुद्र ना? उद्या दाखवतो. रात्रीच्या जेवणाला परत," दाजी म्हणाले.

"दाजी, समुद्र सुरतेच्याही पलीकडे," मी म्हणालो.

"तुम्हाला सागर पाहिजे की नाही? मग! वल्लभसागर. सरकारी कागदावर सागर लिहिलंय. तुम्ही सरकारी नोकर, तुम्हीच सरकारी कागद मानणार नाही का?"

दाजी बोलत होते ते उकाईच्या धरणाविषयी. तापीवरचे हे धरण १९७२ साली पुरे झाले आणि त्याच्या मागे साठलेल्या पाण्याला वल्लभभाईंचे नाव देऊन वल्लभसागर म्हणू लागले. सातवीतल्या आमच्या कन्येने लगेच भूगोलाचे पुस्तक आणून धरणामागच्या पाण्याला जलाशय म्हणतात, हे दाजींना दाखवले. दाजी म्हणाले, "बेटा, पुस्तकं पुण्याला छापतात. त्यांना काय माहीत?"

मलाही मग एक गोष्ट सुचली. तापी मध्य प्रदेशात मुलताईला निघते आणि सव्वासातशे किलोमीटर पश्चिमेला वाहत जाऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते. वाटेत तिला जळगावची गिरणा मिळते, पुढे मुडावदला आमची पांझरा मिळते. म्हणजे त्या वल्लभसागरात ताईचा आणि माझा दोघांचाही रीतसर हिस्सा आहे. भावाबहिणींनी मिळून आपली सामायिक मालमत्ता एकदा डोळ्यांखालून घालणे यात गैर काहीच नव्हते. ठरले.

पहाटे चार वाजता ताईने आमच्या परसात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. धूर पाहून शेजारचे दोघे बादल्या घेऊन धावत आले आणि भरताचा वास ओळखून बादल्या ठेवून बसलेच. त्यामुळे आम्हाला निघायला सात वाजले. पुढे दाजी, मी आणि माझ्या मांडीवर धाकटा; मागे ताई, आमच्या सौ., कन्या, भरताचे पातेले आणि पुऱ्यांचा डबा. साक्रीला चहा झाला. दहिवेलच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागला. घाटात काही वेळ गाडीने आम्हाला नेले आणि काही वेळ आम्ही गाडीला नेले, पण एकंदरीत हिशेब बरोबरीत सुटला. विसरवाडी मागे टाकून आम्ही अकराच्या सुमारास नवापूरला पोचलो.

नवापूरचे रेल्वे स्टेशन ही पाहण्याजोगी वस्तू आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी वाटणी झाली तेव्हा सीमारेषा नेमकी या स्टेशनातून गेली. फलाट एकच, त्याचे एक टोक या राज्यात, दुसरे त्या राज्यात. तिकीट महाराष्ट्रात काढायचे आणि स्टेशनमास्तरांना भेटायला गुजरातेत जायचे. आता तिथल्या बाकावर अर्धा महाराष्ट्र, अर्धा गुजरात अशी रेघ रंगवली आहे आणि लोक मुद्दाम जाऊन फोटो काढून घेतात. आम्ही गेलो तेव्हा एका हमालाने आम्हाला पायाने जमिनीवर रेघ दाखवली. मुले एक पाय इथे आणि एक पाय तिथे ठेवून उभी राहिली. आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे इथं भांडण झालं, तर माहेरी निघून जायला तीन पावलं पुरेत."

फलाटावरून परत येताना दाजी एकाएकी गंभीर झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक अडचण आहे. डिकीत एक बाटली आहे."

"कसली?"

"ब्रँडी. औषधाची. मला खोकला होतो."

मी दाजींना वीस वर्षे ओळखत होतो. एवढ्या काळात ते खोकले असतील तर मी घरात नव्हतो. पण अडचण खरी होती. गुजरातेत दारूबंदी, आणि तीन फर्लांगांवर नाका. गंमत अशी, की दारूबंदीचा कायदा दोन्ही राज्यांचा एकच, मुंबई राज्याने १९४९ साली केलेला. वाटणीत तो दोघांकडे गेला. गुजरातने तो देव्हाऱ्यात ठेवला. महाराष्ट्राने माळ्यावर टाकला. आणि त्यामुळे एकच बाटली या झाडाखाली औषध होती, त्या झाडाखाली गुन्हा होणार होती. बाटलीत तर काही फरक पडणार नव्हता. दाजींतही नव्हता. मग वाढणार काय होते? गाडीच्या चाकाचे शे-दोनशे फेरे!

"फेकून द्या," मी म्हणालो.

"पैसे दिलेत," दाजी म्हणाले. ही बाब मात्र दोन्ही राज्यांत सारखीच मानली जाते.

शेवटी बाटली भरताच्या पातेल्याखाली, घोंगडीच्या घडीत गेली. नाक्यावर शिपायाने खिडकीतून आत डोके घातले. "काय आहे?" त्याने विचारले. ताईला बाटलीचा पत्ताच नव्हता, त्यामुळे तिने अगदी निर्मळ मनाने पातेल्यावरचे झाकण काढून त्याच्या नाकाखाली धरले. लसूण, हिरवी मिरची आणि पऱ्हाटीचा धूर यांचा असा काही दणका बसला, की त्याने डोळे मिटले. "जाओ, जाओ," तो म्हणाला. दाजींच्या कपाळावरचा घाम उच्छलच्या पुढे जाईपर्यंत वाळला नव्हता.

सीमा ओलांडली की काहीतरी बदलेल, अशी मुलांची कल्पना होती. धाकटा तर खिडकीतून डोके काढून बसला होता. पण तीच ज्वारी, तेच साग, तेच पळस, तशीच कौलारू घरे. पाट्यांवरच्या अक्षरांची डोक्यावरची रेघ तेवढी गेली होती. भाषा म्हणावी, तर आमच्या अहिराणीत 'घरमा', 'गावमा' म्हणतात आणि गुजरातीतही तो 'मा' जिथल्या तिथे आहे. पुढे सोनगडचा किल्ला, तो पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ साली घेतलेला. बडोद्याच्या आधी गायकवाडांचे ठाणे तिथे होते. म्हणजे गुजरातेत शिरून पाहावे, तर समोर मराठ्यांचा किल्ला! "हद्द झाली," दाजी म्हणाले, आणि आपल्या विनोदावर स्वतःच इतके हसले की गाडी थांबवावी लागली.

थांबली तिथूनच उजवीकडे एक कच्चा रस्ता फुटत होता. त्या रस्त्याने टेकाड चढून गेलो, आणि समोर पाणी!

आता मी प्रामाणिकपणे सांगतो, की मलाही ते तळे वाटले नाही. पलीकडचा काठ उन्हात धुकट झाला होता, निळ्या डोंगरांचे पाय पाण्यात बुडाले होते, वाऱ्याने लाटा उठत होत्या आणि काठावरच्या खडकांवर येऊन बऱ्यापैकी आवाज करत होत्या. दाजींनी गाडी अगदी सावकाश काठाने घेतली. एक वळण गेले की नवी खाडी, एक टेकाड गेले की नवे बेट. काही ठिकाणी पाण्यातून वठलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते आणि त्यांवर बगळे बसले होते. कन्येने पाण्याची चव घेऊन "गोड आहे" असा शेरा दिला, पण तोही पुसट आवाजात. एका आंब्याखाली घोंगडी अंथरली. भरीत, पुऱ्या, कांद्याची पात, शेंगदाण्याची चटणी आणि वर दाजींची केळी. जेवून आम्ही दोघे आडवे झालो. डोळ्यांवर रुमाल, कानात लाटा. याहून अधिक सुख परराज्यात मागणे बरे दिसले नसते.

"मासा लेतस का साहेब?"

रुमाल काढून पाहिले तर एक म्हातारा. कमरेला पंचा, अंगात फाटकी बंडी, हातात टोपली. त्याची होडी खाली काठाला लागली होती. बोली कुठली ते नेमके सांगता येईना; थोडी अहिराणी, थोडी गुजराती, थोडी त्यांची स्वतःची. आमच्यापैकी मासे कोणीच खात नव्हते. पण भावाची घासाघीस ही दाजींची सवय होती, तिला खाण्याशी कर्तव्य नव्हते. त्यांनी आठ रुपयांचे सहावर आणले आणि मग नको म्हणाले. म्हातारा हसला आणि सावलीत टेकला.

गप्पा मारायच्या म्हणून मी विचारले, "बाबा, गाव कुठलं?"

त्याने पाण्याकडे बोट केले. मला वाटले पलीकडच्या काठावर असेल. "पलीकडं का?"

"नही. तठे. मधमा."

मध्ये काहीच नव्हते. एक वठलेला शेंडा आणि त्यावर बगळा.

आमच्या कन्येला सामान्यज्ञानाचा नाद. तिने विचारले, "आजोबा, तुमचं गाव महाराष्ट्रात होतं की गुजरातेत?"

म्हाताऱ्याने जरा आठवून पाहिले. तो जन्मला तेव्हा गाव खानदेशात होते. मग कोणी साहेब आले आणि म्हणाले, आता गुजरात. हे खरेच होते. १९६० साली पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातकडे गेली. तो बोटे मोडीत म्हणाला, "पयले खानदेश. मंग गुजरात. आते पाणीमा शे."

आम्ही हसलो. हसून झाल्यावर मात्र कोणाला काही सुचेना. धरणाखाली शंभरावर गावे गेली, बहुतेक त्या बाजूची, काही आमच्या तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलीही. हे मला माहीत नव्हते असे नाही. वर्तमानपत्रात वाचले होते. पण वाचताना ती 'गावे' होती. त्यांतल्या एकाचा मालक टोपली घेऊन समोर बसलेला नव्हता. आम्ही एक सीमा ओलांडण्यासाठी पहाटे चारला उठून सव्वाशे किलोमीटर आलो होतो. या माणसाने जागचे न हलता त्याहून जास्त सीमा ओलांडल्या होत्या. आणि आमच्या गिरणेचे, आमच्या पांझरेचे पाणी त्याच्या ओट्यावरून वाहत होते. सामायिक मालमत्ता! सकाळचा तो विनोद मला एकदम अजीर्णासारखा वर आला.

म्हाताऱ्याचे मासे विकणे हे निमित्त होते. गाडी नवापूरकडे जाणार का, हे त्याला विचारायचे होते. नातवाला तीन दिवस ताप होता. सुनेचे माहेर नवापूरला होते, तिथला दवाखाना तिच्या ओळखीचा. मोटार संध्याकाळी येते, कधी येत नाही.

इथे मला माझ्या नोकरीविषयी सांगितले पाहिजे. मी तेव्हा धुळ्यात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. त्या खुर्चीत बसून एक वाक्य मी इतक्या वेळा लिहिले आहे की झोपेतही लिहीन: 'सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.' या वाक्याचा मोठा गुण असा, की ते कधीच खोटे नसते. प्रत्येक बाब कोणाच्या ना कोणाच्या कक्षेत असतेच. आपल्या नसते एवढेच. आलेला माणूसही ते ऐकून भांडत नाही. तो कागद उचलतो आणि पुढच्या दाराकडे जातो. ती दारे एकंदर किती आहेत, हे मी मोजायला कधी गेलो नव्हतो.

तर मी म्हणालो, "बाबा, नवापूर पडलं महाराष्ट्रात. तुम्हाला इकडचं सोनगड बरं नाही का पडणार? तुमच्याच राज्यातलं. कागदपत्रांची अडचण यायची नाही."

बोललो आणि मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. तो कचेरीतला होता. रविवारच्या सहलीला मी तो बरोबर घेऊन आलो होतो. नाक्यावर कोणी तपासला नव्हता.

दाजीही माझ्याच बाजूने बोलू लागले. गाडीत आधीच सहा माणसे, वाटेत नाका, परक्या मुलुखात आजारी पोर, उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची? मुद्दे बिनतोड होते. आम्ही दोघांनी ते दहा मिनिटे एकमेकांना पटवून दिले. मागे वळून पाहतो तर ताई झोपडीकडून येत होती. तिच्या खांद्यावर पोर आणि मागे त्याची आई. ती सरळ येऊन गाडीत बसली आणि म्हणाली, "चला आता. तुमचं बोलणं गाडीत करा."

नऊ माणसे फियाटमध्ये कशी बसली, हे मी आजही चित्र काढून दाखवू शकणार नाही. डावे दार मात्र त्या दिवशी वळणावर एकदाही उघडले नाही. उघडायला जागा नव्हती. पोर तव्यासारखे तापले होते. ताई म्हणाली, कपाळावर पट्टी ठेवू. पाण्याचा तांब्या रिकामा झाला होता. तिने घोंगडीच्या घडीत हात घातला आणि बाटली बाहेर काढली. दाजींकडे एक नजर टाकली. ती नजर मी पाहिली आहे, म्हणून तिचे वर्णन करत नाही. मग तिने रुमालावर ब्रँडी ओतली आणि पोराच्या कपाळावर ठेवली. अशा रीतीने, कडक दारूबंदीच्या राज्यात, भर दिवसा, चालत्या वाहनात, आम्ही नाक्याकडे निघालो. गाडीभर वास. दाजी पुटपुटत होते, "हद्द झाली." या वेळी ते हसले नाहीत.

नाक्यावर त्याच शिपायाने खिडकीतून डोके आत घातले. त्याने पोर पाहिले, आई पाहिली, वास घेतला, सकाळचे पातेले ओळखले. क्षणभर तो ताईकडे बघत राहिला. मग त्याने लाकूड वर केले. माझ्या मते त्याने त्या वेळी कायदा मोडला. त्याने मोडला नसता तर मी त्याला क्षमा केली नसती. आणि मी स्वतः त्या जागी असतो तर पावती फाडली असती.

नवापूरच्या दवाखान्यात डॉक्टर पोरावर वाकले आणि झटकन वर पाहून म्हणाले, "दारू कोण प्यालंय?" आम्ही सगळ्यांनी दाजींकडे पाहिले. जन्मात पहिल्यांदा दाजी निर्दोष होते आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता. खुलासा ऐकल्यावर डॉक्टरांनी ताईला चांगले फैलावर घेतले. लहान मुलाच्या कातडीतूनही दारू अंगात भिनते, पुन्हा असले काही करायचे नाही, साध्या पाण्याची पट्टी ठेवायची. ताईने मुकाट्याने ऐकून घेतले. मग इंजेक्शन झाले, औषध झाले, रात्रभर ठेवून घ्यायचे ठरले.

टेबलाशी रजिस्टर घेऊन एक मनुष्य बसला होता. मुलाचे नाव, वय, गाव? सुनेने गावाचे नाव सांगितले. त्याने दोनदा विचारले. असे गाव त्याला माहीत नव्हते. "तालुका? जिल्हा? राज्य?" म्हातारा काहीच बोलेना. तो नुसता दाराबाहेर, उत्तरेकडे बघत होता. टेबलापलीकडचा मनुष्य वाईट नव्हता; रकाना रिकामा ठेवायची त्याला सोय नव्हती. त्याचे पेन हवेत थांबले. ते पेन मी चांगले ओळखत होतो.

एवढ्यात मागून दाजींचा आवाज आला. "लिहा. मुक्काम पोस्ट जळगाव." आणि त्यांनी स्वतःच्या घरचा पत्ता, पेठेसकट, सांगून टाकला.

"नातं?"

दाजी क्षणभर अडले. मग म्हणाले, "पाहुणे."

आमच्याकडे पाहुणे या शब्दात सोयरेही येतात आणि वाट चुकून आलेला मुसाफिरही येतो. त्यामुळे दाजी खोटे बोलले असे कोणाला म्हणता येणार नाही. पत्ता मात्र खोटा होता, सरकारी कागदावर होता, आणि मी सरकारी नोकर तिथे उभा राहून तो ऐकत होतो. मी काहीच बोललो नाही. उभ्या नोकरीत मी केलेल्या कामांपैकी ज्यांची आठवण काढावीशी वाटते अशी फार नाहीत. ते न बोलणे त्यांत येते.

सहा वाजता पोराने डोळे उघडून रडायला सुरुवात केली आणि आम्ही निघालो. अंधारात, घाट उतरल्यावर, दाजी म्हणाले, "आज दोन गुन्हे झाले. बाटली नेली तो एक आणि पत्ता दिला तो दुसरा. पाप कुठलं?"

ताई मागून म्हणाली, "पाप तिसरंच. झाडाखाली दहा मिनिटं वाद घालत बसलात ते."

त्यानंतर साक्रीपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. त्या दहा मिनिटांत आम्ही कुठलाही कायदा मोडला नव्हता. कुठल्याही नाक्यावर आम्हाला कोणी अडवले नसते. मी त्यावर नंतर पुष्कळ विचार केला, आणि दर वेळी त्याच जागी येऊन अडकतो: माझी स्वच्छ बाजू आणि माझी लाजिरवाणी बाजू एकच निघते.

घरी आल्यावर डिकी उघडली तर आत माशांची टोपली! म्हाताऱ्याने कधी ठेवली कोणास ठाऊक. सहा रुपये आम्ही दिले नव्हते आणि आठही दिले नव्हते. मासे गल्लीत वाटून टाकले, पण गाडीला पुढे आठ दिवस वास येत होता. आमच्या कन्येने गाडीत बसून एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "आता वाटतं समुद्रावर जाऊन आल्यासारखं." शेजारच्या मुलांना तिने तोच वास देऊन गप्प केले.

यानंतर सीमा आणखी कितीदा तरी हलल्या. १९०६ साली इंग्रजांनी एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम केले होते. त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे झाले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाले आणि नवापूर त्यात गेले. पलीकडे २००७ साली सुरतेतून नवा जिल्हा काढला, त्याचे नावच तापी. दर वेळी पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, रजिस्टरे नवी आली. पाण्याला यातले काही कळवण्यात आले नाही. अजूनही भर पावसात ताईचा जळगावहून फोन येतो, "हतनूरचे दरवाजे उघडले रे." भुसावळजवळचे ते दरवाजे उघडले की ते पाणी उकाईला जाते. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले, तेव्हा मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. सवयीने मनात आले, गुजरातचा प्रश्न. लगेच वठलेल्या झाडावरचा तो बगळा दिसला आणि मी उठून मदतफेरीवाल्यांना शोधायला बाहेर पडलो. फार नाही, थोडेच दिले. पण दहा मिनिटांच्या आत दिले.

दाजींना जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. वर चित्रगुप्ताच्या वह्या जिल्हावार असतात की राज्यवार, मला कल्पना नाही. पण त्याने पेन उचलून गाव, तालुका, जिल्हा विचारला असेल, तेव्हा दाजी नेहमीसारखे मान तिरकी करून म्हणाले असतील, "लिहा, पाहुणा." तेवढ्यावर आत घेतलेही असेल.

मला काळजी आहे ती वाटेतल्या नाक्याची. त्यांना खोकल्याचा त्रास होता.